तुम्ही विचारलंत म्हणून : कासवाच्या पाठीला काय लावावे?

हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो आणि पावसाळ्यात तो जरा अधिकच येतो. सोबत बहुधा एक फोटो असतो, तोही वरून काढलेला, आणि खाली एक ओळ असते: "पाठीवर पांढरे डाग आले आहेत, काय लावू?" किंवा "पाठ मऊ लागते, कोणते तेल चोळू?" आमच्या मुलुंडच्या घरी २००९ सालापासून एक कासव आहे आणि ते एकदा मरता मरता वाचले, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते. मी पशुवैद्य नाही. तरीही इतक्या वर्षांत जे पाहिले आणि डॉक्टरांकडून ऐकले, त्यावरून माझे उत्तर ठरलेले आहे: तूर्त काहीही लावू नका; आधी त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलून त्याच्या पोटाकडचे कवच पाहा आणि मग ते जिथे राहते ती जागा पाहा.

कवचाला आपण ढाल म्हणतो आणि ढाल म्हटली की ती अंगावेगळी करता येणारी वस्तू वाटते. प्रत्यक्षात कासवाच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या कवचातच सांधलेले असतात; त्यामुळे कवच हा त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. त्या हाडांवर जे चौकोनी-षटकोनी खवले दिसतात ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे असतात. गवंडी जसा विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच खवल्यांचे जोड आणि खालच्या हाडांचे जोड एका रेषेत येत नाहीत, आणि कवचाची मजबुती बरीचशी त्यातूनच येते. कवचाला मज्जातंतू असतात, त्यामुळे त्याला स्पर्श कळतो आणि दुखतेही. हे एकदा ध्यानात आले, की मऊ पडलेल्या पाठीवर तेल चोळणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाच्या नखांना मेंदी लावण्यासारखे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी मात्र ते तेल चोळले होते. माझ्या दिरांनी क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले ते पिल्लू जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे होते. ते रेड-इअर्ड स्लायडर जातीचे, म्हणजे मूळ अमेरिकेतले पाणकासव आहे, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. एका प्लास्टिकच्या टबात चार बोटे पाणी घालून तो टब आम्ही सरकत्या काचेच्या खिडकीशी ठेवला. खायला सुके झिंगे आणि कधीतरी भाताची शिते घालत असू. तिसऱ्या वर्षी पाठीची कड अंगठ्याखाली दबू लागली आणि ते मागचे पाय ओढत चालू लागले. महिनाभर मी खोबरेल तेलात हळद कालवून लावली. घराजवळच्या एका दवाखान्यात मलमाची ट्यूब मिळाली, तीही संपवली. अखेर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या एका डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे काढला. त्यात हाडे धुक्यातल्या झाडांसारखी पुसट दिसत होती. त्यांनी कवचाला हातही न लावता पहिला प्रश्न विचारला, "याला ऊन कुठून मिळते?" मी मोठ्या अभिमानाने खिडकीचे वर्णन केले.

चूक त्या खिडकीतच होती. अन्नातले कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि कासवाच्या त्वचेत ते तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातले अतिनील-बी किरण लागतात. साधी खिडकीची काच उजेड आणि ऊब आत येऊ देते, हे किरण मात्र अडवते. म्हणजे आमचे कासव तीन वर्षे उन्हात बसल्यासारखे दिसत होते आणि त्याला ऊन मिळत नव्हते. त्यात सुक्या झिंग्यांच्या एकसुरी आहाराची भर पडली होती. आहारात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावे असे मानले जाते; ते मिळाले नाही की शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतले कॅल्शियम काढून घेते, आणि कासवाच्या बाबतीत हाडे म्हणजे मुख्यतः कवच. डॉक्टरांनी कॅल्शियमचे औषध दिले. बाकीचे सगळे घरी बदलायचे होते. सकाळचे थेट ऊन, पण अर्धा भाग सावलीत, कारण सावली नसलेल्या टबात मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत कासव थोड्याच वेळात उष्म्याने दगावू शकते. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा अतिनील-बी किरणांचा दिवा. तो दिसायला वर्षानुवर्षे लख्ख पेटतो, पण त्यातले उपयोगी किरण आधीच क्षीण होतात, म्हणून नळी सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते. शिवाय अंग पूर्ण कोरडे करता येईल असा पाण्याबाहेरचा ओटा आणि पाण्यात टाकायला समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या पाठीतले हाड. कवच पुन्हा घट्ट व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. मागची कड मात्र आजही वाकडी आहे आणि ती तशीच राहणार.

इथे आपल्या भाषेचा एक दोष सांगावासा वाटतो. मराठीत जमिनीवरचे आणि पाण्यातले, दोन्ही कासवच. त्यामुळे पाणकासवाला कोरड्या खोक्यात आणि जमिनीवरच्या कासवाला पाण्याच्या टबात ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका काकूंकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव होते आणि 'कासव म्हणजे पाणी' या समजुतीने ते दिवसभर ओल्या टबात बसत असे. त्याच्या पोटाकडचे कवच कुजू लागले होते. ते पाहून मी काकूंना उपचाराआधी कायदा सांगितला. तारा कासव आपल्याच देशातले वन्य प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि ते घरी पाळणे गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून काकूंनी ते सोपवले. रडल्या खूप, पण सोपवले. तुमचे कासव तारा कासव असेल तर माझे उत्तर इथेच संपते. एका गृहस्थांनी तर "पाठ चामड्यासारखी मऊ आहे, कोणते कॅल्शियम देऊ?" असे विचारले होते, फोटो पाहिला तर ते तळ्यातून उचलून आणलेले मऊ पाठीचे देशी कासव होते. त्याची पाठ जन्मतःच तशी असते, आणि तेही संरक्षितच आहे.

कवच कुजणे हा आपल्या हवेत वारंवार दिसणारा विकार. अस्वच्छ पाणी, सतत ओली जमीन किंवा एखादा न दिसलेला ओरखडा यांतून जिवाणू किंवा बुरशी खवल्याखाली शिरते. खवल्याचा रंग बदलतो, तो उचलला जातो, खाली खळगा पडतो, कधी चिकट स्राव येतो. आणि वास येतो. निरोगी कवचाला कुजका वास नसतो, म्हणून मी लोकांना नाकावर विश्वास ठेवायला सांगते. एखादाच उथळ डाग असेल तर मऊ ब्रशने स्वच्छ करून, पोव्हिडोन आयोडिन हे जखमेवरचे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे आणि जागा कोरडी होऊ द्यावी. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलमही डॉक्टर देतात. पाणकासवाला अशा वेळी रोज काही तास कोरडे ठेवतात, पण पाण्यात परत सोडावेच लागते, कारण त्याला घास पाण्यातच गिळता येतो. खळगा खोल असेल, हाड दिसत असेल किंवा पोटाकडच्या कवचाखाली लालसर-गुलाबी छटा पसरलेली असेल, तर घरी काहीही करू नये. ती लाली संसर्ग रक्तात गेल्याचे लक्षण असू शकते; त्यावर इंजेक्शनने प्रतिजैविके द्यावी लागतात आणि कुजलेला भाग डॉक्टरांनीच खरवडायचा असतो. दुकानातून खाज-नायट्याची ट्यूब आणून लावू नका. त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉइड असते आणि त्याने संसर्ग उलट बळावतो.

सगळेच पांढरे वाईट नसते. दोन खवल्यांच्या मधली फिकट रेघ ही नव्या वाढीची असते. स्लायडरचे खवले कधीकधी पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखे निघतात. ते आपोआप पडू द्यावेत, नखाने सोलू नयेत. जमिनीवरच्या कासवाचे मात्र खवले असे निघत नाहीत. निघाले तर काहीतरी बिघडले आहे. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार बसूनही पांढरा थर येतो, पण तो कडक असतो आणि त्याखालचे कवच शाबूत असते.

परवाना-नोंदणीसह परदेशी जातीची जमिनीवरची कासवे पाळणारे आणखी एक तक्रार करतात: प्रत्येक खवला टेकाडासारखा वर येतो. याचे खापर पूर्वी जास्त प्रथिनांवर फोडले जाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील सुलकाटा कासवांच्या पिल्लांवरील अभ्यासात मात्र प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम कितीतरी अधिक आढळला. मुंबईच्या घामट हवेत हे कसे, असे वाटेल. पण लोक पिल्लू लाडाने एसीच्या खोलीत ठेवतात. आलेली टेकाडे जात नाहीत. हवा, ऊन आणि आहार सुधारला, तर पुढची वाढ सपाट होते. आहारात काकडी-टोमॅटो-पाव बंद करून गवत, दूर्वा, जास्वंदीची पाने-फुले आणि फड्या निवडुंग द्यावा.

तडा गेला असेल, म्हणजे कुत्र्याने चावले असेल किंवा बाल्कनीतून पडले असेल, तर वेळ घालवू नका. फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागूनच असतात. सलाइनने हळुवार धुऊन, स्वच्छ गॉज ठेवून, कोरड्या टॉवेलच्या खोक्यात घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून खोके झाकलेले असावे. एम-सीलने फट बुजवून आणलेले एक कासव मी पाहिले आहे. आत कोंडलेल्या संसर्गामुळे ते गेले. डॉक्टर निवडताना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. कुत्र्या-गुरांना गोचीड-जंतांसाठी सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरते, एवढे एक नाव लक्षात ठेवले तरी पुरे.

तरीही मला फोटो पाठवायचाच असेल तर चार पाठवा: वरून, पोटाकडून, त्याच्या राहण्याच्या जागेचा आणि काल त्याने जे खाल्ले त्याचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेले वजनही लिहा. आणि त्याच्या अंगावर पडणारे ऊन काचेतून येते का, हे आधी स्वतः पाहून घ्या.