ईएसआयचे ७८ दिवस: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत मी टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो. तुटलेले धागे जोडण्यासाठी दिवसभर वाकून हात पुढे न्यावा लागतो, शिवाय सुताने भरलेला बीम चढवताना सगळा भार खांद्यावर येतो. शहराच्या पूर्व भागातील कितीतरी कामगारांची मान, कंबर आणि खांदे असेच दुखतात. वय झाले म्हणून ते दुखणे अंगावर काढले जाते. माझा उजवा हात वर जाईनासा झाला, तेव्हा ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, डॉक्टरांनी खांद्यातील कंडरांना (स्नायू हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) सूज असल्याचे सांगून फिजिओथेरपी आणि विश्रांती लिहून दिली व रजेचे प्रमाणपत्रही दिले.

अडले ते आजारपणाच्या भत्त्यापाशी. मी मे महिन्यात आजारी पडलो. जानेवारी ते जून या काळातील आजारपणासाठी आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. त्या सहामाहीत मी नियमित कामावर होतो, मजुरीतून वर्गणीही कापली गेली होती. तरी संगणकावर दिवस कमी दिसत होते, कारण आमची मजुरी नगावर असल्याने कारखान्यातील कारकुनाने दिवसांच्या रकान्यात अंदाजाने आकडे भरले होते. ईएसआयचे कार्यालय म्हणे, मालकाकडून दुरुस्ती आणा. कारकून म्हणे, आधी कार्यालयाचे पत्र आणा. मजुरी बंद असताना, दुखरा हात सांभाळत या दोघांमध्ये फेऱ्या मारण्याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ज्याचा हात कामाने गेला, त्यानेच आपण काम केल्याचे सिद्ध करायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

सुटका झाली ती लेखी अर्जामुळे. हजेरीची नक्कल आणि जपून ठेवलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडून मी दोन्हीकडे अर्ज दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. त्यानंतर कारकुनाने दुरुस्ती पाठवली आणि पैसे बँकेत जमा झाले. हा भत्ता मजुरीच्या ७० टक्के असतो आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो.

आजारी पडण्याआधीच आपल्या नावावरील दिवस तपासून घ्यावेत, आणि दुखणे सुरू होताच ईएसआयच्याच दवाखान्यात नोंद करावी, कारण केवळ खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विसंबून राहता येत नाही. कामावरून काढण्याची धमकी मिळाल्यास कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ मधील कलम ७३ मालकाला दाखवता येत असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढून टाकण्यास त्या कलमाने मनाई केली होती.