शिकोकूत तीन चाकांवर: तोकुशिमा ते इमाबारी

जपानमध्ये रिकम्बंट ट्राईकवर, म्हणजे रेलून चालवायच्या, मोटरची मदत असलेल्या तीनचाकी सायकलवर फिरायचं म्हटलं की लोक आधी चढांचं विचारतात, मग बॅटरीचं. दोन्हींवर उपाय आहे. खरी अडचण रुंदीची. इथल्या वाहतूक कायद्यात साधी सायकल म्हणजे लांबी १९० सेंमी आणि रुंदी ६० सेंमीच्या आत. पुढे दोन चाकं असलेली आमची ट्राईक ८० सेंमी भरते. त्यामुळे सायकलींना मोकळे असलेले फुटपाथ आपल्याला बंद, आपण गाड्यांबरोबर रस्त्याच्या डाव्या कडेनेच जायचं. म्हणून मार्ग ठरवताना मी प्रेक्षणीय स्थळांच्या आधी रस्त्यांची रुंदी बघत बसले.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाकून चालवायची सायकल बंद झाली. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची ही गाडी मात्र त्याला मानवली. टोकियोच्या आरिआके बंदरातून ओशन तोक्यू फेरी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाला सोडते. बुकिंग करतानाच गाडीची मापं कळवा, नाहीतर धक्क्यावर चर्चासत्र भरतं. आत ट्राईक ढकलत न्यायची, खलाशी पट्ट्यांनी बांधून देतात. बोटीवर खानावळ नाही; गोठवलेल्या जेवणाची व्हेंडिंग मशिनं आणि मायक्रोवेव्ह आहेत. शाकाहाऱ्याने त्या मशिनांवर विसंबू नये. आम्ही पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि मेतकूट नेलं होतं.

तोकुशिमाहून पश्चिमेला योशिनो नदीचं खोरं सरळसोट आहे. बांधावरून जाणारे रस्ते सपाट, रहदारी तुरळक, दोन्हीकडे भाजीचे मळे. या नदीवर बुडते पूल आहेत: पुराचं पाणी वरून जावं म्हणून बुटके आणि बिनकठड्याचे. कावाशिमाच्या पुलावर मी निम्म्यात होते तेव्हा समोरून एक छोटा ट्रक आला. आजोबांनी आमच्याकडे बघितलं, ट्रक रिव्हर्समध्ये पार पलीकडे नेला आणि खिडकीतून मान लववली. पाणी बसल्या जागेवरून हात घालता येईल इतकं जवळ वाटत होतं. दोन चाकांवर माझी तिथे गाळण उडाली असती.

वाकिमाचीत निळीच्या व्यापारावर गब्बर झालेल्या सावकारांचे वाडे आहेत, तासभर पुरे. मिची-नो-एकी म्हणजे सरकारमान्य महामार्ग थांबे, तिथे स्वच्छ स्वच्छतागृह आणि स्थानिक माल मिळतो. नारुतोची भाजलेली रताळी घ्याच, एकादशी असो नसो.

आता मोटर. इथल्या नियमानुसार ताशी १० किमीपर्यंत मोटर तुमच्या जोराच्या दुप्पट जोर लावू शकते. पुढे मदत कमी होत जाऊन २४ किमीला शून्य होते. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना हे जाचक वाटतं, पण ट्राईकला अगदी सोयीचं. तोल सांभाळायचा नसल्याने चढावर ताशी सहाच्या वेगानेही गाडी डगमगत नाही, आणि नेमकी तिथेच मोटर भरपूर ढकलते. पायडल न मारता अंगठ्याने पळणारी मोटर असेल तर ती कायद्याने मोपेड होते: नंबरप्लेट, परवाना, विमा, सगळं आलं. युरोपातल्या २५ किमीवाल्या मोटरीही इथल्या नियमात बसत नाहीत.

भारतातून येणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि अशा गाड्यांच्या बॅटऱ्या सहसा ४००-५०० च्या असतात. तेव्हा गाडी जपानमध्येच, जपानी नियमाची, भाड्याने बघा. चार्जिंग मुक्कामी रात्री. वीज १०० व्होल्ट, पिन दोन चपट्या. दुकानातल्या सॉकेटला न विचारता प्लग लावू नका, इथे ती चोरी धरतात.

इकेदापासून राष्ट्रीय मार्ग १९२ डोंगर ओलांडून शेजारच्या एहिमे प्रांतात उतरतो. चढ किरकोळ, पण माथ्यावर साकाइमे बोगदा आहे. तो आम्ही मुद्दाम रविवारी सकाळी गाठला. मागे दोन लाल दिवे, उंच काठीवर झेंडा, अंगात चमकती जाकिटं. आत शिरल्यावर मागून ट्रकची घरघर वाढत गेली, भिंती थरथरल्यासारख्या झाल्या, आरशात दिवेच दिवे. हॉर्न नाही, कट नाही. बोगदा संपेपर्यंत तो आमच्या वेगाने मागे राहिला. बाहेर पडल्यावर मीच कडेला थांबून हात केला. रविवारचा आग्रह पुढेही सोडू नका: शिकोकूचुओ कागद कारखान्यांचं गाव आहे आणि मार्ग ११ वर कामाच्या दिवशी मालवाहू गाड्यांची रांग असते.

ट्रकपेक्षा मला धास्ती गटारांची. गावाकडच्या रस्त्यांना डाव्या कडेला उघडी सिमेंटची गटारं असतात, मध्ये पट्टा नाही, काही नाही. मागून गाडी आली की हात आपोआप डावीकडे वळतो. वळवू नका, लेनमध्ये ठाम राहा, रुंद जागा आली की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या.

साइजोला जमिनीतून आपसूक वर येणारं झऱ्याचं पाणी आहे, बाटल्या तिथेच भरा. इमाबारीला पोहोचेपर्यंत पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. इथून शिमानामी काइदो हा सायकलमार्ग सुरू होतो: ओनोमिचीपर्यंत बेटाबेटांवरून साधारण ७० किमी, रस्त्यावर निळी रेघ. पुलांवर सायकलींची वेगळी वाट आहे, आणि रुंदीचं त्रांगडं लक्षात घेऊन ट्राईक हॉटेलातच ठेवल्या. मी साधी सायकल भाड्याने घेऊन कुरुशिमाचा चार किलोमीटरचा पूल ओशिमापर्यंत जाऊन-येऊन केला. नवरा पुलाच्या अलीकडे इतोयामाला कॉफी घेऊन बोटी मोजत बसला. नाराज वगैरे अजिबात नव्हता.

परतताना भाड्याच्या व्हॅनने तोकुशिमा आणि तीच फेरी. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर उत्तम. एप्रिलअखेरची गोल्डन वीक, म्हणजे जोडसुट्ट्यांची गर्दी, टाळा. सप्टेंबरात वादळाने फेरी रद्द झाली तर अडकाल, कारण शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये पिशवीतल्या सायकलीला ३० किलो आणि तिन्ही बाजू मिळून २५० सेंमी ही मर्यादा आहे. मोटरवाली ट्राईक सुटी करूनही त्यात कोंबणं जवळपास अशक्य.