तुम्ही विचारलंत म्हणून : दोघींचं लग्न बेळगावात नोंदवता येतं का?

निपाणी, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, कुठूनही विचारणा आली तरी समलिंगी जोडप्यांचा प्रश्न बहुधा हाच असतो. आम्ही दोघी (किंवा दोघे) सज्ञान आहोत, कमावतो, एकत्र राहायचं ठरवलंय. लग्न नोंदवायला बेळगावच्या सब-रजिस्ट्रारकडे जाऊ, की कोल्हापुरात सोपं पडेल?

दोन्हीकडे होत नाही. लग्नाचे कायदे केंद्राचे आहेत, ते कोगनोळीचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडला म्हणून बदलत नाहीत. १९५४ चा विशेष विवाह कायदा पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण हवीत म्हणतो, म्हणजे जोडी स्त्री-पुरुषाचीच गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा गेला होता. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं, आणि लग्नाऐवजी सहजीवनाला तरी कायदेशीर दर्जा द्यावा ही मागणी तीन विरुद्ध दोन अशी पडली. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. त्याच निकालात एक वाट मोकळी राहिली : ट्रान्सजेंडर व्यक्तीचं स्त्री-पुरुष असं नातं असेल तर तिला चालू कायद्यानं लग्न करता येतं.

एकत्र राहणं मात्र गुन्हा नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ६ सप्टेंबर २०१८ ला संपलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. ‘३७७ लावतो’ असं कुणी दरडावलं तर त्याला हे खुशाल सांगा.

शंभराच्या बाँड पेपरवर ‘आम्ही पती-पत्नीप्रमाणे राहतो’ असं लिहून नोटरीचा शिक्का मारून देणारे कोर्टाच्या आवारात भेटतात. ते लग्न नव्हे. देवळात हार घालणंही गुन्हा नाही, पण त्यानं वारसा लागत नाही. हौस असेल तर जरूर करा, फक्त त्या कागदाच्या भरवशावर घर घेऊ नका.

मग सरकार कधी बदलेल, असा पुढचा प्रश्न येतो. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खाजगी विधेयक मांडलं. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात व्यापक चर्चेनंतर अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणण्याचं आश्वासन होतं, मार्क्सवादी पक्षाच्याही होतं. केंद्रानं २०२३ मध्ये राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध कळवला. महाराष्ट्रानं जास्त वेळ मागितला. ज्या सात राज्यांची उत्तरं कोर्टापुढं आली त्यांत कर्नाटक नव्हतंच. म्हणजे सीमाभागातला माणूस ज्या दोन राज्यांच्या ओढाताणीत जगतो, त्यांपैकी एकानंही तेव्हा होय किंवा नाही म्हटलं नाही. आमच्याकडे मतं भाषेवर आणि उसाच्या दरावर फिरतात. या विषयावर कुणी गल्लीत येऊन मत मागेल, असं मला नजीकच्या काळात दिसत नाही.

घरचे धर्माचं नाव काढतात, तेव्हा निदान कोण काय म्हणालंय ते नीट माहीत असावं. सरसंघचालक मोहन भागवत जानेवारी २०२३ मध्ये म्हणाले की अशी माणसं नेहमीच समाजात होती, त्यांना त्यांचा अवकाश मिळावा. जरासंधाच्या हंस-डिंभक या दोन सेनापतींतही असंच नातं होतं, असा दाखलाही त्यांनी दिला. पण दोनच महिन्यांनी संघाचे सरकार्यवाह होसबाळे यांनी विवाह हा संस्कार असून तो स्त्री-पुरुषांतच होतो, असं सांगितलं. जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मगुरूंची संघटना सर्वोच्च न्यायालयात विरोधात उभी राहिली. व्हॅटिकननं डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्याला साधा आशीर्वाद द्यायला पाद्रींना मोकळीक दिली, पण तो लग्नाच्या विधीसारखा दिसता कामा नये या अटीवर. यांतल्या बहुतेकांचा सूर एकच निघतो : माणूस चालेल, लग्न नको.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर तर ही गोष्ट आपण कधीची पाहतो. देवी अंगात आली म्हणून साडी नेसलेल्या जोगप्पाच्या पाया पडणारी, त्याच्या परडीत शिधा घालणारी माणसं आपल्याच घरातली असतात. म्हणून ‘आपल्यात असलं काही नसतं’ हे वाक्य सौंदत्तीला जाणाऱ्यानं तरी बोलू नये. पण जोगप्पाचा दाखला लग्नासाठी उपयोगी पडत नाही, हेही खरं. तो देवीला वाहिलेला, त्यानं संसार मांडावा अशी अपेक्षाच नसते. वाहिलेल्याला मान आहे, संसार मागणाऱ्याला नाही. आणि तुम्ही तर संसारच मागताय.

तेव्हा वाद राहू दे, कागद करा. सर्वांत आधी मृत्युपत्र. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यात तुमच्या जोडीदाराला कुठंच जागा नाही, आणि नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून) निघणाऱ्या वंशवृक्षात तिचं नाव येत नाही. तीस वर्षं एकत्र राहून बांधलेलं घर भावाच्या नावावर चढतं, तेही कसलीही लबाडी न करता. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. ते तुमच्याहून तरुण आणि जवळपास राहणारे असावेत, कारण वाद झाला तर त्यांतला निदान एक कोर्टात उभा करावा लागतो. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्यासारख्या प्रकरणात ती करावीच. वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा हिस्साही देता येतो. मुसलमान असाल तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही.

आपल्या भागात मृत्युपत्र हमखास अडतं ते भाषेवरून. बाँड रायटर, म्हणजे दस्त लिहून देणारा, कन्नडमध्ये लिहितो, सही करणाऱ्याला कन्नड वाचता येत नाही, आणि पुढं पुतण्या कोर्टात म्हणतो, ‘काकीला यात काय लिहिलंय हेच ठाऊक नव्हतं.’ मजकूर मराठीत करा आणि सोबत कन्नडमधलं खरं भाषांतर जोडा. कन्नडमध्येच करायचं असेल, तर तो मराठीत वाचून, समजावून सांगितला असं शेवटी लिहून घ्या आणि तो वाचणाऱ्याचीही सही घ्या.

हयातीत बक्षीसपत्र करायची घाई नको. कुटुंबातल्यांना मिळणारी स्टॅम्प ड्यूटीची सवलत तुम्हाला नाही, शिवाय आयकराच्या लेखी जोडीदार ‘नातेवाईक’ नाही. म्हणून वर्षाला ५०,००० रुपयांवरची भेट तिच्या उत्पन्नात धरली जाते. मृत्युपत्रानं मिळालेल्यावर हा कर नाही.

बँकेत जोड खातं आणि नॉमिनी, दोन्हीला आडकाठी नाही, हे अर्थखात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या प्रकारचं घ्या. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे उचलतो, हक्क वारसाचा राहतो, म्हणून ठेवींचा उल्लेख मृत्युपत्रातही हवा. विम्याचंही तसंच. पी.एफ.मध्ये आणखी एक खोच आहे : आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर नियमानं ते ‘कुटुंब’ ठरतात, आणि बाहेरच्याच्या नावचं नॉमिनेशन रद्दबातल होतं. रेशन कार्डावर अशा जोडप्याला एक घर धरावं, असं केंद्रानं राज्यांना २०२४ मध्येच कळवलंय. मात्र दोघींची दोन कार्डं असून दोघींनाही कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० येत असतील तर एकत्र केल्यावर एकीचे बंद होतील. हिशेब आधी करा.

दवाखान्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवा : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव. कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये याबद्दल परिपत्रकही काढलंय. साधं मुखत्यारपत्र इथं पुरत नाही, माणूस बेशुद्ध झाला की त्याचा जोर जातो. मानसिक उपचारांसाठी २०१७ च्या कायद्यानं कोऱ्या कागदावरही प्रतिनिधी नेमता येतो. आणि ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कुणी ओढून नेलं, तर ते व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये ठरवलंय.

राहिला पोलिसांचा प्रश्न. मुलगी निपाणीहून कोल्हापूरला गेली की घरचे निपाणीत ‘बेपत्ता’ची तक्रार देतात आणि पोलीस हद्द ओलांडून येतात. निघण्याआधी दोन्हीकडच्या ठाण्यांना स्पीड पोस्टानं पत्र टाका : मी सज्ञान आहे, स्वखुशीनं गेले आहे. सोबत जन्मदाखल्याची प्रत, आणि मूळ दाखले, आधार, पासबुक स्वतःजवळ. जबरदस्तीनं परत नेलंच तर जोडीदारानं हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढं हजर करा असा, अर्ज करायचा, बेळगाव जिल्ह्यासाठी धारवाड खंडपीठात. तुम्ही कोल्हापुरात असाल आणि संरक्षण हवं असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथंच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. वकिलाला सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२४ चा देवू जी. नायर निकाल दाखवा. त्यानुसार न्यायाधीशानं त्या व्यक्तीशी एकटीशी, घरच्यांना बाहेर ठेवून बोलायचं असतं, आणि मन वळवण्यासाठी समुपदेशनाला पाठवायचं नसतं. धारवाडात हे बोलणं मराठीतून व्हावं म्हणून दुभाषा हवा, हे अर्जातच लिहून द्या.