ट की ठ?

आमच्या पिकअपला थंडीत सकाळी आवाज यायला लागला, तेव्हा पहिलं निदान डेअरीला निघालेल्या शेजाऱ्याने केलं. कॅन घेऊन चालता चालताच म्हणाला, "टॅपेट." थांबलाही नाही. दुसऱ्या दिवशी एकाने नोझल सांगितलं, तिसऱ्याने रिंगा. चौथा बोनटवर हात ठेवून बराच वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "इंजिन काम निघालंय." जो जास्त वेळ गप्प उभा राहतो त्याचं आपल्याला खरं वाटतं. आई ओट्यावरून म्हणाली, "आवाज येतोय तोवर चालू आहे म्हणायची."

गाडी 2009ची. जुन्या गाडीत नवा आवाज शोधायचा, तर आधी जुने आवाज वजा करावे लागतात. फाळक्याच्या साखळीची खुळखुळ वेगळी, पाट्यांची कुरकुर वेगळी, डाव्या काचेची थरथर वेगळी. सीटमागचा जॅक तर गेली सात-आठ वर्षं प्रत्येक खड्ड्याला हजेरी देतो. हे सगळं घरचंच. त्यातून डिझेल इंजिन म्हणजे मुळात गप्प बसणारं काम नव्हे. त्यात स्पार्क प्लग नसतो. हवा वीसेक पट दाबून एवढी तापवायची की डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटावा. पण फवारा पडणं आणि पेट घेणं यांच्यात किंचित उशीर होतो, तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम भडकतं, आणि त्याचा दणका आपल्याला ऐकू येतो. इंजिन गार असलं की उशीर वाढतो, दणकाही वाढतो. म्हणून थंडीत सकाळी कुठलीही डिझेल गाडी सर्दी झाल्यासारखीच बोलते. पण हा आवाज त्याच्यावरचा होता.

गॅरेज आळेफाट्याला. घरून अठरा किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन तापलं आणि आवाज गेला. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो, तसा. मी रेस दाबली, सोडली, पुन्हा दाबली. काही नाही.

"करून दाखवा," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"आवाज."

चहा पीत बसलेले तीन अनोळखी ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "टक, टक, टक, टक."

"टक का ठक?"

मी पुन्हा केला. या वेळी तो ठकसारखा आला. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"नीट आठवा. ट असला तर वरचं काम आहे. ठ असला तर खालचं."

वर म्हणजे हेडमध्ये. व्हॉल्व्ह, रॉकर, सगळे हलके, चुटपुटीत भाग. तिथली फट वाढली की टकटक होते, तेच शेजाऱ्याचं टॅपेट. फिलर गेज घालून फट बसवायची, दुपारपर्यंत गाडी मोकळी. खाली म्हणजे क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं. ती ढिली झाली की आवाज पोटातून येतो, जड, आणि मग इंजिन खाली उतरवावं लागतं. दोन अक्षरांमध्ये चाळीसेक हजारांचा फरक होता. इतक्या महाग उच्चाराची वेळ माझ्यावर शाळेतही कधी आली नव्हती.

मिस्त्रींचं निम्मं गॅरेज अशा शब्दांवरच चालतं. किरकिर म्हटलं की ते चालू इंजिनाच्या बेल्टवर लांबूनच पाणी शिंपडतात. आवाज क्षणभर थांबला की बेल्टच. घरघर म्हटलं की आधी विचारतात, क्लच दाबल्यावर येते की सोडल्यावर? दाबल्यावर येत असेल तर क्लचचं बेअरिंग, सोडल्यावर येऊन दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्समधलं. आपल्या भाषेने खडखड, खरखर, खुळखुळ, खणखण हे सगळे वेगवेगळे शब्द सांभाळून ठेवले ते कवींसाठी असतील असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यातले निम्मे तरी बैलगाडीचा आख दुरुस्त करणाऱ्याने ठेवले असावेत.

"भरल्या गाडीला चढावर वाढतो का?" त्यांचा पुढचा प्रश्न. बेअरिंगचा ठ ओझ्याखाली जास्त ओरडतो. इथेही माझी पंचाईत झाली. कल्याणला माल घेऊन जाताना आम्ही माळशेज उतरतो. चढतो तेव्हा हौद्यात फक्त रिकामे क्रेट असतात.

"गाडी ठेवून जा," ते म्हणाले. "सकाळी गार असताना ऐकतो."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने आळेफाट्याला. मिस्त्रींनी आधी इंजिनाला हाताची पालथी बाजू लावून ते खरंच गार आहे याची खात्री केली, मग चावी फिरवायला सांगितली. आवाज हजर. मी ट की ठ याचा कान देऊन विचार करत होतो, तोवर त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक हेडवर, मूठ कानापुढच्या हाडावर, डोळे बंद. 1816 मध्ये पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची नळी करून पेशंटच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला म्हणतात. त्यानेही डोळे असेच मिटले असतील.

मग पाना घेऊन एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करत गेले. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, इंजिन लंगडतं. (हे जुन्या पंपाच्या गाडीलाच. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, तिथली धार कातडीत घुसते. तिथे ते पाना लावत नाहीत.) पहिला, दुसरा, काही फरक नाही. तिसरा ढिला केला आणि आवाज जवळजवळ गेला.

"बघा, टॅपेट नाही," मिस्त्री म्हणाले. "टॅपेटला डिझेलशी घेणं नाही. ते वाजतच राहिलं असतं."

मला आनंद होईना. टॅपेट नाही म्हणजे ट गेला. उरला ठ.

त्यांनी भिंतीवरचा हातभर रबरी पाइप घेतला. एक टोक कानात, दुसरं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या, कडेने हळूहळू सरकवत. तिसऱ्या सिलिंडरपाशी हात थांबला. काही न बोलता कानातलं टोक माझ्याकडे दिलं. मी ऐकलं. ट नव्हता. ठही नव्हता. फ होता. फट् फट् फट्, कुणीतरी ओठांतून हवा सोडावी तसा. बॅटरी मारली तर मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काजळीचा बोटभर काळा ओघळ. पॅकिंग जळलं होतं. गार असताना फटीतून धूर निसटायचा, लोखंड तापून फुगलं की फट बंद, आवाज बंद.

शेजाऱ्याचंही अगदीच चुकलं नव्हतं. आयडलला इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर एक व्हॉल्व्ह चारशे वेळा ठोकला जातो, आणि एक सिलिंडर धूरही चारशे वेळाच सोडतो. ताल एकच. चालता चालता ऐकलं तर टॅपेटच.

गंजलेले स्टड मोडू नयेत म्हणून त्यांवर डिझेल सोडून आम्ही अर्धा तास चहा प्यायलो. दुपारी नवीन पॅकिंग बसलं. ती रात्रही गाडी तिथेच ठेवली आणि सकाळी पुन्हा पहिली एसटी पकडली. गार इंजिन सुरू केलं. टक नाही, फट् नाही. मी पैसे काढायला खिशात हात घातला, तर मिस्त्री अजून वाकलेलेच. स्क्रू ड्रायव्हर पाण्याच्या पंपावर.

"याच्या खाली एक घरघर होती," ते म्हणाले. "त्या आवाजात लपलेली. पण बारीक आहे अजून. उन्हाळा काढेल."

घरी जाईपर्यंत मी रेडिओ बंद ठेवून ऐकत होतो. मला काही ऐकू आली नाही. संध्याकाळी डेअरीवरून येताना आली.