फॅट ३.३ चा दर सापडेना

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागल्यावर ताऱ्यांचा पिरॅमिड छापून झाला, मूळ संख्या शोधून झाल्या, टू-डू ॲपही करून झालं. ते ॲप मी स्वतःसुद्धा कधी वापरलं नाही. हात बसला तो आप्पांच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल करायला घेतल्यावर.

आप्पा गावच्या संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वहीत उतरवायचं आणि दरपत्रक बघून दर लावायचा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरलेला. त्याच्या खाली-वर गेलं की दरही हलतो. उभी फॅट, आडवा एसएनएफ, असं ते कोष्टक. पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे आकडा दिला की त्याचा दर काढून देणाऱ्या यादीत, भरलं की झालं काम, असा माझा हिशेब.

फॅटची रांग ३.० पासून ०.१ मिळवत लूपनं तयार केली. ३.१ चा दर मिळतो, ३.२ चा मिळतो, ३.३ ला मात्र कीएरर, म्हणजे असा आकडा यादीत नाहीच! रांग छापून बघितली, तर तिथं ३.३००००००००००००००३ ठाण मांडून बसलेलं. संगणक आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो आणि ०.१ त्यात नेमका मांडताच येत नाही. हे व्हिडिओत ऐकलेलं होतंच, पण ऐकलेलं डोक्यात राहतं थोडंच? मग फॅट दहानं गुणून ३३ असा पूर्णांकच ठेवला. रक्कमही पैशांत, रुपये फक्त स्लिपवर छापताना.

पुढची अडचण पायथनची नव्हतीच. एकाची स्लिप बघून आप्पा म्हणाले, "अगं, एवढी फॅट कुठली त्याची?" सकाळी १० लिटर ३.२ नं, संध्याकाळी ४ लिटर ४.० नं. मी सरळ सरासरी काढून ३.६ छापलेली. लिटरच्या प्रमाणात काढली तर येते ३.४३ च्या आसपास. त्यांनी ते नुसत्या नजरेनं ओळखलं! रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, त्या वेळी दूध घातलेलंच नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आणि यादी नावावरून नको, नंबरावरून हवी. संस्थेत माणूस नंबरानंच ओळखतात.

नंबर त्यांनी मराठी अंकांत टाइप केलेले. आता ते बदलणारा कोड लिहावा लागणार म्हणून मी वैतागले होते, पण मजकुराचा पूर्णांक करणारं पायथनचं इंट '४७' ला निमूटपणे सत्तेचाळीस मानतं. त्या दिवशी पायथन फारच आवडलं.

संस्थेकडून उधार घेतलेल्या पेंडीची उचल बिलातून वजा करणं तासाभरात झालं. आता आप्पांना दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर दिवाळीला मिळणारी जादा रक्कम, काढून हवाय. त्याला वर्षभराचं दूध एका जागी लागतं आणि माझ्याकडं दर दहा दिवसांची वेगळी फाइल. म्हणून सध्या एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उघडून बसलेय.