आधी आसन, मग प्राशन: नाशिकच्या द्राक्षबागेत दोन रात्री

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता, पोटात दोन बशा पोहे आणि डोक्यात आदल्या रात्रीची शिराझ ही लाल वाइन घेऊन मी अधोमुख श्वानासनासाठी ओणवी झाले आणि त्याच क्षणी कळलं, आपण वेळापत्रक उलटं लावलंय. शेजारची शुभा तर काही न बोलता उठली आणि शेवग्याच्या झाडामागे गेली. पुढचं सांगत नाही.

म्हणून ज्यांना मैत्रिणींसोबत असं योग, जेवण आणि वाइन एकत्र करायचंय त्यांनी आधी हे वाचा. तिन्ही एका शनिवार-रविवारात छान बसतं, फक्त क्रम चुकला की तिन्ही वाया जातात.

आम्ही पाच जणी, कॉलेजपासूनच्या. सगळ्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे, त्यामुळे कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, माझी मान. मेधा अय्यंगार पद्धतीने योग शिकवते. तिने निघतानाच डिकीत पट्टे, लाकडी विटा आणि घड्या घातलेल्या सोलापुरी चादरी कोंबल्या होत्या. आमच्या बॅगा मांडीवर. स्मिता म्हणाली, "वाइन आणायला जागा कुठंय?" मेधा म्हणाली, "येताना चादरीत गुंडाळू." आणि खरंच, येताना सहा बाटल्या त्याच चादरींमध्ये न फुटता आल्या.

पुण्याहून नाशिक २१० किलोमीटरच्या आसपास. नकाशा साडेचार तास दाखवतो, त्यावर जाऊ नका. शुक्रवारी दुपारी दोनला निघालो ते चाकणमध्येच तासभर अडकलो. मग नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत मुक्कामी पोचायला साडेआठ झाले. सकाळी सातच्या आत निघालात तरच हा रस्ता गोड लागतो. पुणे-नाशिक थेट रेल्वेमार्ग अजून नाही, तेव्हा पुणेकरांना रस्ताच सोयीचा. मुंबईकर नशीबवान. शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की नाशिक रोड, कसारा घाटात गाडी चालवायची कटकट नाही. मात्र नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर धरणाची बाजू दुसऱ्या टोकाला. मुक्कामाच्या ठिकाणी सांगून गाडी आधीच ठरवा. रात्री उशिरा त्या बाजूला यायला रिक्षावाले तयार होत नाहीत, ॲपवरच्या गाड्याही मिळतीलच असं नाही.

आमचा मुक्काम गंगापूरच्या जलाशयाच्या बाजूला, एका शेतातल्या घरात. तीन खोल्या, पुढे लांब ओसरी, मागे चूल. दोन रात्री, चार जेवणं आणि ड्रायव्हरची सोय धरून माणशी साडेपाच हजार पडले, वाइन वेगळी. बुक करताना फोनवर काय विचारायचं ते अनुभवातून सांगते. योगासाठी सपाट फरशीची जागा आहे का? आम्हाला 'लॉन' आहे म्हणून सांगितलं होतं. ते होतंही, पण उताराचं आणि पहाटे दवाने ओलंचिंब. चटई घसरते आणि वृक्षासनात तोल जातो तो आपल्या चुकीने की उतारामुळे, हेच कळत नाही. दुसरं, आवारात वाइन घेतलेली चालते का? बऱ्याच घरगुती ठिकाणी चालत नाही, आणि ते त्यांचं घर आहे. तिसरं, पहाटे सहाला गरम पाणी मिळेल का. सोलरवर विसंबून असाल तर पहाटे मिळतं ते कोमट.

शुक्रवारची रात्र म्हणजे आमची घोडचूक. प्रवासाने दमलेल्या, भुकेल्या, आणि आल्या आल्या बाटली उघडली. जेवायला अकरा. मेधाने एक घोट घेतला आणि झोपायला गेली. सकाळी तीच एकटी ताजीतवानी होती, ह्याचा राग आम्हाला दिवसभर पुरला.

शनिवारचा योगवर्ग बारगळल्यावर मेधाने आम्हाला चहा पाजून बागेत चालायला नेलं, आणि तिथे सहलीतलं सगळ्यात चांगलं काही हाती लागलं. शेजारच्या द्राक्षबागेचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणत होतो, गळ्यात तुळशीची माळ घालून तोडणीवर उभे होते. तीन एकर वाइनची द्राक्षं, वायनरीशी करार करून लावलेली. स्वतः माळकरी, थेंबाला शिवत नाहीत. नीलमला राहवलं नाही, तिने विचारलंच. दादा हसले. "ऊस लावणारा काय मळी पितो का ताई? मी द्राक्ष पिकवतो. पुढं त्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं."

त्यांनी एक घड तोडून हातात दिला. आपण बाजारात घेतो त्या थॉमसन जातीच्या लांबट, कुरकुरीत मण्यांसारखं ह्यात काहीच नव्हतं. काळपट जांभळे, वाटाण्याएवढे, एकमेकांना चिकटलेले मणी. साल जाड, आत दोन-तीन बिया. चावलं की आधी गोड, मग सालीचा तुरटपणा जिभेवर बसतो. रेड वाइनचा रंग आणि तो तुरटपणा ह्या सालीतूनच येतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून इथे लहान मणी हवा. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिड ह्या वाढीच्या संप्रेरकात, घड बुडवतात, ते इथे करायचं नाही. दादांनी खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर मणी पिळला, झाकण लावून माझ्या डोळ्याला लावला. आत निळा-पांढरा पडदा आणि त्यांच्या सीमेवर साखरेचा आकडा: २३. "तेवीस ब्रिक्स. आज तोडायचं. दोन दिवस थांबलो तर साखर चढंल, आंबटपणा उतरंल, मग गाडी परत." खायच्या द्राक्षाला सतरा-अठराला गोडी आली म्हणतात.

दुहेरी छाटणीचं गणितही त्यांनीच समजावलं. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोपच नाही, म्हणून कात्रीने झोपवायची आणि उठवायची. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळासाठी. ऑक्टोबरपासून साधारण चार-साडेचार महिन्यांनी तोडणी. म्हणजे प्रत्यक्ष द्राक्षं लगडलेली बाग पाहायची असेल तर जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, एवढाच काळ. मे महिन्यात आलात तर नुसती कोवळी पालवी आणि ऊन. पावसाळ्यात धरण आणि डोंगर देखणे, पण वेलीला फळ नाही. आणि एक कळकळीचं, विचारल्याशिवाय बागेत शिरू नका, घड तोडू नका. फवारणी कधी झालीय ते तुम्हाला माहीत नसतं.

दुपारी चारला वायनरी. नाशिकला ही वाट दाखवली सुला वायनरीने. नव्वदच्या दशकात गंगापूरच्या माळरानावर तिचे संस्थापक राजीव सामंत ह्यांनी शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाइन बाजारात आली, आणि २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. मग आसपास एकेक वायनरी उभी राहिली. जवळच यॉर्क आहे, ती २०२१ पासून सुलाकडेच आहे. इगतपुरीच्या बाजूला संजेगावला ग्रोव्हर झांपा. दोन दिवसांत तिन्हीकडे धावायचं मनात आणू नका. एक वायनरी नीट बघा, दुसरीकडे फक्त पाण्याकाठी बसून सूर्यास्त बघा. आम्ही तेच केलं.

वायनरीची फेरी सगळीकडे साधारण सारखीच असते. स्टीलच्या उंच टाक्या, पिंपांचा थंड अंधार, आंबलेल्या फळाचा वास. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी पिळतात आणि रस आंबवतात, तर लाल वाइनला सालीसकट आंबवतात. आणि एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. सकाळी दादांच्या बागेतले क्रेट डोळ्यांसमोर होते म्हणून हा आकडा मनात बसला, एरवी कानाआड गेला असता.

चाखायला पाच ग्लास येतात, प्रत्येकात जेमतेम दोन-तीन घोट. आधी पांढऱ्या, मग गुलाबी रोझे, मग लाल. पाच थोड्या-थोड्या म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण रिकाम्या पोटी तसं नसतं. शेजारी एक भांडं ठेवतात, थुंकायला. लाजू नका, ते त्याचसाठी आहे. मान उगाच डोलवायचीही गरज नाही. "मला आवडली नाही," हे स्मिताने कॅबर्ने ह्या लाल वाइनबद्दल सरळ सांगितलं, तर समोरच्या मुलाने तिला शेनिन ब्लांचा आणखी एक घोट दिला.

पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रमही हंगामात असतो. गंमत आहे, एकदा करा. पांढरा कुर्ता घालून करू नका, माझा आता फरशी पुसायला गेला.

शनिवारी संध्याकाळी ह्या सगळ्या पट्ट्यात तुडुंब गर्दी असते. टूर आणि टेबल आधी ऑनलाइन घ्या, वयाचा पुरावा जवळ ठेवा. २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून बेत आखणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो ड्राय डे. आणि स्वतः गाडी चालवायची नाही, 'मी दोनच घोट घेतले' वगैरे काही नाही. पाच जणींत ड्रायव्हरचा खर्च पिझ्झ्याएवढाही पडत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या दिवसांत तर इकडे फिरकूच नका, नाशिक तेव्हा तुमचं नसतं.

रात्रीचं जेवण घरी. मावशींनी चुलीवर काळ्या मसाल्यातलं मटण, शाकाहारी दोघींना भरीत, आणि नागलीची भाकरी केली. नागलीला चिकटपणा नाही, म्हणून आधी उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढतात. वाफ निघतेय तोवरच मावशी परातीत मळायला लागल्या, मध्येच बोटं गार पाण्यात बुडवत. थापताना परात एका हाताने फिरत होती की भाकरी, ते कळत नव्हतं. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यासमोर उभी केली आणि ती टम्म फुगली. मी एक करून पाहिली. महाराष्ट्राचा नकाशा झाला, कोकणपट्टी तव्यालाच राहिली.

आता वाइन आणि आपलं तिखट. पुस्तकी सल्ला असा की मटणासोबत लाल. आम्ही मटणासोबत शिराझ घेतली, ठीक लागली. पण ठेच्याचं बोट चाटून कॅबर्नेचा घोट घेतला तर कानातून वाफ निघते. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट वाढवतात. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां लाजवाब. भरिताला तर तीच. माझं स्पष्ट मत, मराठी जेवणाला नाशिकची पांढरी वाइन जास्त मानवते आणि लाल आपण उगाच भारदस्त दिसते म्हणून मागवतो. बर्फाचा डबा बरोबर न्या, घरगुती मुक्कामी फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांना जागा आधी.

मेधाने त्या रात्रीसाठी नियम घातले. शेवटचा ग्लास साडेआठला, प्रत्येक ग्लासमागे तेवढंच पाणी, आणि जेवताना पोटाचा चौथा हिस्सा रिकामा. मिताहाराची ही व्याख्या हठप्रदीपिकेतली आहे, असं ती म्हणाली. मावशी चौथी भाकरी वाढत असताना ती कशी पाळायची, हे तिने सांगितलं नाही.

रविवारी पहाटे साडेसहा. ओसरीवर, शाली गुंडाळून, पोटात फक्त कोमट पाणी. जलाशयावर धुकं, समोरच्या काठाला कुठेतरी टिटवी. आधी वीस मिनिटं नुसतं ताडासन आणि हात वर. थंडीत सांधे आखडलेले असतात, थेट वाकायचं नाही. मग विटांवर हात टेकवून त्रिकोणासन, ओसरीच्या खांबाला पट्टा बांधून श्वानासन. शनिवारी जे आसन शिक्षा वाटलं, त्यात आज पाठ मणक्या-मणक्याने सुटत गेली. नंतर चादरींच्या वळकट्यांवर सुप्त बद्धकोणासन, आणि शेवटी भिंतीला पाय लावून विपरीत करणी. मावशी चहाची किटली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, हे तर आम्ही रोज करतो. खुरपणीवरून आलं की असंच पडतो भिंतीला पाय लावून. ह्याला शिकवायला बाई लागती व्हय?" मेधा हसत म्हणाली, "मावशी, मला पगार मिळतो त्याचा."

खरं सांगते, हातात ग्लास घेऊन वृक्षासन वगैरे जे व्हिडिओत दिसतं ते आम्हीही करून पाहणार होतो. मेधाने एकदाच बघितलं. विषय संपला.

साडेनऊला मिसळ. गंगापूर रोडला बारदान फाट्याजवळ चुलीवरची मिसळ मिळते. रविवारी तासभर रांग, पण बाहेर झाडाखाली बसायला जागा आहे. रस्सा वेगळा मागा आणि थोडा-थोडाच घाला. उरलेल्या वेळात त्र्यंबकेश्वर साधायचं मनात होतं, शहरापासून तीसएक किलोमीटर. रविवारी दर्शनाची रांग पाहता सोडून दिलं. त्याऐवजी सोमेश्वरचा धबधबा पाहिला. फेब्रुवारीत त्याला धबधबा म्हणणं म्हणजे नदीला खूश करणं आहे. कोंडाजीचा चिवडा मात्र घेतला, अर्धा सिन्नरपर्यंतच संपला.

निघताना सामान भरत होतो. बाटल्यांची बिलं जपून ठेवा, वाटेत कुणी विचारलं तर दाखवता येतात. ओसरीच्या कोपऱ्यात आमच्या चार रिकाम्या बाटल्या होत्या, त्या मी पिशवीत टाकायला घेतल्या. मावशींनी हात धरला. "राहू द्या ताई. हिरवी काच हाय, शेंगदाण्याचं तेल भरायला बरी. ती लांब मानेची तेवढी नको, तिच्यात हात जात नाही धुवायला." मग तिघी बाटल्या विसळायला बसल्या, आणि लांब मानेची सोव्हिन्यों ब्लां आमच्याबरोबर पुण्याला आली. तिच्यात आता मनीप्लँट आहे.