भीड

२ नोव्हेंबर, रविवार. रात्रीचे साडेदहा.

शुक्रवारपासून तो क्रॉस ओट्यावर, मिक्सरशेजारी पडून आहे. प्लॅस्टिकचा, बोटभर लांब, वर चंदेरी रंग दिलेला आणि कडेला तो उडून आतला पांढरा दिसणारा. काळी दोरी तुटलीये. टाकवत नाही आणि नीट कुठे ठेववतही नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "हे काय इथे?" मी म्हटलं, राहू दे.

लिफ्टमधलं ते एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. सोमवारी सातव्या मजल्यावरची म्हणाली, "आँटी, यंदा हॅलोविन तुम्हीच घ्या ना हातात. तुमचाच सण आहे." मी म्हणाले, "हो, बघते." बघते! साठी उलटली, वानवडीच्या ह्या बिल्डिंगीत अठरा वर्षं काढली, आणि तोंडातून निघालं काय, तर बघते. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे भोपळ्यांची चित्रं आली. आभार, टाळ्या, सगळं आधीच.

खरं उत्तर मला तिथल्या तिथे येत होतं. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याच्या आदल्या संध्याकाळचं ते इंग्रजी नाव. त्यात संतांचं आता काही उरलेलं नाही, भुतंच उरली आहेत. आणि आमच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरी ३१ ऑक्टोबर म्हणजे ल्यूथर, पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेला तो जर्मन धर्मसुधारक. १५१७ साली ह्याच तारखेला विटेनबर्गमध्ये त्याने पंचाण्णव मुद्दे मांडले, हे अण्णा आम्हाला जेवताना विचारायचे, पाढे विचारल्यासारखे. चुकलं तर वाढलेलं ताट थांबायचं. तेव्हा दिवस आमचाच होता हो, पण असा नव्हता. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. लिफ्टला सात मजले होते.

भीड वाटली. दुसरं काही नाही. सासूबाई म्हणायच्या, भीड भिकेची बहीण.

शुक्रवारी संध्याकाळी पोरं दारात आली. कवट्या, रक्ताचे ओघळ, एक झाडूवाली चेटकीण. मी चॉकलेटचा डबा घेऊन उभी. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची धाकटी आली, सहा-सात वर्षांची. पायघोळ काळा झगा, डोक्याला पांढरी पट्टी, त्यावर काळं फडकं, ओठ काळे, डोळ्यांभोवती काजळ फासलेलं, आणि गळ्यात हा क्रॉस. भूत झालेली सिस्टर, म्हणजे नन. "आँटी, घाबरवलं ना मी?"

मी म्हटलं, "हो गं, खूप घाबरले."

माझी आई सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये वाढली. पंचहौद मिशनच्या आवारात. इंग्लंडातल्या वाँटेजच्या त्या सिस्टरा १८७७ साली पुण्यात आल्या आणि मागे वळल्या नाहीत. आईला आई नव्हती. देवीच्या साथीत कोणी कोणाला उचललं, कोणी नेऊन सोडलं, ते आई नीट सांगायची नाही. पण तो झगा ती सांगायची. त्याला साबणाचा आणि रॉकेलच्या बत्तीचा वास यायचा, आणि ताप आला की त्याच झग्यात तोंड खुपसून झोपायचं. मला तो वास न घेताच पाठ आहे. आणि तोच झगा माझ्या दारात, भीती दाखवायला. पोरीचा काय दोष? तिला बाजारातून जे आणून दिलं ते तिने घातलं. कॅम्पातल्या दुकानांत आता दसऱ्यापासूनच मुखवटे लटकतात.

तिने चॉकलेट घेतलं, पळाली, आणि दोरी तुटून हा पायपुसण्यावर पडला.

दोन दिवस मी स्वतःची कीव करत बसले आहे, ते लिहूनच टाकते. आम्हाला कुठेच धड जागा नाही असं वाटत राहिलं. राज्यात आम्ही शंभरात एकसुद्धा भरत नाही. लोक आमच्याकडे बघतात आणि त्यांना थेट विलायत दिसते. ऑफिसात सेंडऑफच्या पार्ट्यांमध्ये ग्लास आधी माझ्यापुढे यायचा, "तुमच्यात चालतं ना." आमच्यात! अण्णांच्या घरी पत्ते नव्हते, सिनेमा नव्हता, रविवारी भाजीसुद्धा विकत आणायची नाही, शनिवारीच निवडून ठेवायची. दारूच्या दुकानावरून जाताना अण्णा रस्ता ओलांडायचे. लग्न एकदाच, मरेपर्यंत, देवापुढे दिलेला शब्द. मी अजूनही हेच मानते, जुनाट म्हणा. आणि ज्या विलायतेचं नाव आमच्या कपाळावर चिकटवलेलं आहे, ती विलायत हे सगळं कधीच मागे टाकून गेली.

धाकट्याचं बंगळूरचं कळलं तेव्हा खालच्या वहिनी माझं सांत्वन करायला आल्या. म्हणाल्या, "जाऊ दे, तुमच्यात काय, चालतं." त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

प्रार्थनेच्या ग्रुपवर अमेरिकेचे व्हिडिओ येतात. त्यांच्या निवडणुका, त्यांचे पाद्री, त्यांची कोर्टं. जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा निकाल फिरवला तेव्हा आम्ही बायकांनी उपकारस्तुती केली. मीही रडले, आणि मनापासून रडले, कारण पोटातलं मूल देवाने विणलेलं असतं हे माझ्यासाठी नुसतं स्तोत्रातलं वाक्य नाही. पण आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे, आणि त्याबद्दल मी आजवर कोणाशी एक अक्षर बोलले नाही. घरात वेळ आली होती तेव्हाही नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच, सगळ्या देशाच्या आधी कायदा केला. त्या वेळी समोरच्या काकू बायकांबरोबर चाळीचाळींतून फिरल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. मी तेव्हा तिशीतही नव्हते. मोर्चा कचेरीखालून गेला तेव्हा खिडकीतून बघत होते. सातासमुद्रापार काय व्हावं हे मला घडाघडा बोलता येतं. लिफ्टमध्ये बघते.

पुन्हा तिथेच आले.

काकूंचं नाव आलं म्हणून सांगते. यंदाही त्यांचा फराळाचा डबा आला. स्टीलचा, झाकणावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेला. वर चकल्या, खाली अनारसे, मध्ये बटरपेपर. देताना त्या नेहमीसारखं हळू म्हणाल्या, "आधीच काढून ठेवलाय." म्हणजे नैवेद्य दाखवायच्या आधी. अठरा वर्षांत एकदाही त्या विसरल्या नाहीत. एका वर्षी सून घाईत नैवेद्यानंतरचा डबा घेऊन आली, तर काकू मागोमाग आल्या आणि तो बदलून दिला.

आज दफनभूमीतून येताना रिक्षात मला एकदम आठवलं, हे त्यांना कोणी सांगितलं? मीच. पहिल्या दिवाळीला. दारात उभं राहून, हाताला कापरं भरलेलं, मी म्हणाले होते, "काकू, रागावू नका, नैवेद्याचं आम्ही खात नाही." मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेलं त्यांना कसं समजावणार, म्हणून एवढंच. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर तू खाल्लंच नसतंस आणि मला वाटलं असतं आवडलं नाही."

पुणंच आहे हे. १८९० साली पंचहौदला मिशनऱ्यांच्या चहाला गेले म्हणून टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार आला, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आमच्या चहाने तेव्हा धर्म बुडत होता. आणि माझ्या ओट्यावर काकूंचा डबा येतो, माझा धर्म सांभाळून. मी एकदा तोंड उघडलं म्हणून.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा म्हटलं आहे. कसं द्यायचं तेही तिथे आहे, सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. इतकी वर्षं वाचलं आणि मी त्यातली फक्त भीड उचलली. उत्तर राहिलंच. पण आज वाटलं, भीड काही आपली जायची नाही, ह्या वयात तर नाहीच. मग तशीच असू दे, कापऱ्या हातासकट. काकूंना सांगितलं तेव्हाही ती होतीच की.

आई-अण्णांच्या कबरीवर शेवंती ठेवली, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने चारदा विझल्या. आमच्यात मेलेल्यांसाठी काही मागायचं नसतं, त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे असतात. ते मानले. उरलेल्या दोन मेणबत्त्या पिशवीत होत्या.

परत आले तर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची धाकटी. आज दोन वेण्या, फ्रॉक, हातात कुल्फी. पिशवीत डोकावून म्हणाली, "कोणाचा बर्थडे?"

"कोणाचा नाही. माझ्या आईसाठी नेल्या होत्या."

"ती कुठेय?"

"देवाकडे. लहान असताना ती सिस्टरांकडे राहायची. तू शुक्रवारी झाली होतीस ना, तशा. खऱ्या."

तिचे डोळे मोठे झाले. "खऱ्या? मग तिला भीती नाही वाटायची?"

माझ्या हाताला कापरं होतंच. पिशवी घट्ट धरली. "नाही गं. भीती वाटली की ती त्यांच्याकडेच पळायची. त्या तिची वेणी घालायच्या."

तिने कुल्फी खायची थांबवली. तिसरा मजला आला, दार उघडलं. उतरता उतरता म्हणाली, "माझा क्रॉस हरवला."

म्हटलं, "माझ्याकडे आहे. उद्या शाळेतून आलीस की ये, आणि मम्मीलाही आण. चहा ठेवते."

दोरी ओवायला सुई शोधून ठेवली आहे.